कालव्यापलीकडची शनिवारची फेरी

अध्यक्ष रंगनाथमामा, तुळजावहिनी, आणि जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

हॉल भरलाय. जिन्यातही माणसं उभी आहेत. वेंकटअण्णा असते तर त्यांनी आधी सगळ्यांना सरकून बसायला लावलं असतं, मग पंख्याचा वारा कोणाला लागत नाही ते पाहिलं असतं, आणि या सगळ्यात भजन सुरू व्हायला अर्धा तास उशीर झाला असता. आज ते काम करायला कोणी नाही. म्हणून मीच सांगते. पुढच्यांनी जरा सरका. जिन्यातल्या माणसांना आत घ्या. दाराजवळ अंजलै उभी आहे, तिला बसायला जागा द्या. सावकाश होऊ दे, मी थांबते.

खरं सांगू का, थांबायला मला बरंच वाटतंय. मी कॉर्पोरेशनच्या शाळेतली मास्तरीण. रोज घसा फोडून शिकवते. पण समोर मोठी माणसं बसवून बोलायची सवय नाही. आणि माझी मराठी ही आमची तंजावरची. पुण्यामुंबईहून मद्रासला बदलीवर आलेल्या मंडळींना तिच्यात तमिळ हेल ऐकू येईल. येऊ दे. अण्णांच्या मराठीतही तोच हेल होता, आणि त्याच मराठीत ते देवाशी बोलत होते.

मला इथे अण्णांच्या आठवणी सांगायला उभं केलंय. सांगते. पण एक गोष्ट आधी बोलून टाकते, म्हणजे मनात राहणार नाही. ही सभा संपली की भजन मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक आहे. विषय एकच आहे, आणि तो इथे सगळ्यांना माहीत आहे. अण्णा गेले, आता शनिवारची फेरी फक्त आपल्या मैलापूरच्या गल्ल्यांपुरती ठेवावी, कालव्यापलीकडच्या वस्तीत नेऊ नये. असं काहींचं म्हणणं आहे. वाईट मनानं कोणी म्हणत नाही, हे मला कळतं. तरी अण्णांच्या आठवणी सांगायच्या आणि त्या वस्तीबद्दल बोलायचं नाही, हे मला जमणार नाही.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते. दर शनिवारी सकाळी आपलं मंडळ गात गात निघतं. उंछवृत्ती म्हणतात तिला. पुढे अण्णा, खांद्याला तांब्या बांधलेला, हातात चिपळ्या. मागे टाळ आणि मृदंग. त्यांच्या मागे आम्ही बायका. दारादारांतून मूठ मूठ तांदूळ मिळतात, ते तांब्यात घ्यायचे. त्यांचा भात त्याच दिवशी शिजवायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचा. उद्यासाठी दाणा ठेवायचा नाही. आणि एक नियम. गात गात ज्या गल्लीत शिरलो, तिथलं एकही दार गाळायचं नाही. दार कोणाचंही असो. उभं राहायचं, एक कडवं म्हणायचं. कोणी बाहेर आलं तर घ्यायचं, नाही आलं तर पुढे व्हायचं.

हा नियम आपल्या वाडवडिलांनी केला. त्यातून सुटायची वाटही त्यांनीच शोधली. आपली बरीचशी घरं कालव्याच्या या बाजूला, आणि थोडी पलीकडे सँथोमला. मधे पूल आणि पुलाला लागून ती वस्ती. ताडाच्या झावळ्यांच्या झोपड्या. मंडळ पुलावर आलं की टाळ थांबायचे. मृदंगावर हात आडवा पडायचा. गाणं नाही म्हणजे फेरी नाही, फेरी नाही म्हणजे नियम लागू नाही. मग खाली मान घालून भराभर ती वस्ती पार करायची, आणि सँथोमचा रस्ता लागला की पुन्हा टाळ. देवाला फसवायचं, आणि तेही नियमात बसवून. या बाबतीत आपला हात कोणी धरणार नाही.

आणि ती माणसं काय परकी होती का? कालव्यातून सरपणाच्या होड्या यायच्या. सुरूची लाकडं ती माणसंच उतरवायची, हातगाडीवर घालून आपल्याकडे आणायची. आपल्या चुली त्याच लाकडावर पेटायच्या. पण लाकूड मागच्या दारी. पुढच्या दारी ती कधी आली नाहीत, आपणही त्यांच्या दारी कधी गेलो नाही. त्यांची मुलं माझ्या वर्गात होती. ती मला विचारायची, टीचर, आमच्याकडे आल्यावरच तुमचं गाणं का बंद होतं? सांगा बरं, मास्तरणीनं काय उत्तर द्यावं?

मग तो पुरट्टासी महिन्यातला, म्हणजे आपल्या भाद्रपद-आश्विनातला, शनिवार आला. अण्णांना गाताना डोळे मिटायची सवय. रेल्वेच्या ऑफिसात इतकी वर्षं कारकुनी केली, तिथे कधी डुलकी घेतली नाही म्हणायचे, पण भजनात डोळे मिटले की चालत्या गाईवर जाऊन आदळायचे. त्या दिवशी पूल आला. टाळ थांबले. मृदंग थांबला. अण्णा थांबले नाहीत. त्यांचा आवाज एकटाच पुढे चालला, चिपळ्या वाजतायत, डोळे मिटलेले, आणि पाय सरळ वस्तीत. रंगनाथमामांनी धावत जाऊन त्यांचं उपरणं ओढलं. तेव्हा अण्णांनी डोळे उघडले.

समोर एका झोपडीचं दार होतं. दारात अंजलै उभी होती. होय, तुमच्यातच बसलीय ती अंजलै. तेव्हा होड्यांवरची लाकडं उतरवायची, अजूनही उतरवते. गाणं ऐकून तिनं दारापुढे पाण्याचा शिडकावा केला होता, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत तांदूळ धरले होते. पुरट्टासीच्या शनिवारी त्यांच्यातही गोविंदाचं नाव घेत दारोदार तांदूळ मागतात. काय करायचं असतं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मामा हळूच म्हणाले, चुकून झालंय, चल पुढे. मी मागेच होते, सगळं ऐकू येत होतं. अण्णा तिच्या ओंजळीकडे बघत राहिले. मग म्हणाले,

"चूकच झाली, रंगनाथा. पण झालेली चूक अशी अर्ध्यात कशी सोडायची?"

आणि त्यांनी तांब्या पुढे केला.

नियम म्हणजे नियम. एक दार घेतलं म्हणजे सगळी दारं घ्यावी लागणार. घेतली. सँथोमला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं, आणि तिथली मंडळी वाट पाहून पाहून जेवायला बसली होती.

पण खरी पंचाईत पुढेच होती. तांदूळ एकत्र झाले होते. मैलापूरचे कुठले, वस्तीतले कुठले, कोण निवडणार? हॉलच्या स्वयंपाक्यानं सांगितलं, हे भांडं माझ्या चुलीवर चढणार नाही. त्याला दोष देत नाही, त्याला सांगणारे दुसरेच होते. अण्णांनी वाद घातला नाही. तांब्या घेऊन ते परत कालव्यावर गेले. तिथे मारिअम्मन देवीच्या देवळीपुढे तीन दगड मांडले. सरपण अंजलैनं दिलं. भात अण्णांच्या घरच्यांनी, तुळजावहिनींनी केला. आपल्यातले काही जेवायला बसले, काहींना अचानक उपास आठवले, काहींची डोकी दुखायला लागली. इतकी डोकी एका वेळी दुखलेली मी शाळेतसुद्धा पाहिली नाहीत.

त्यानंतर दर शनिवारी टाळ पुलावरून वाजत जायला लागले. काही जणांनी मंडळ सोडलं. रंगनाथमामांनी सोडलं नाही. मामा, तुमच्यासमोर सांगते, रागावू नका. तुम्ही दर शनिवारी सगळ्या दारांपुढे उभे राहिलात, पण जेवायला घरीच गेलात. मंडळ फुटेल अशी तुम्हाला भीती होती, आणि ती काही खोटी नव्हती. अण्णाही ते मानायचे. ते म्हणायचे, रंगनाथ माझ्याशी भांडतो म्हणून मी बरा राहतो.

अण्णांनी वस्तीसाठी काय काय केलं, हे आज इथे पुष्कळांनी सांगितलं. नळ आणला, संध्याकाळचा वर्ग सुरू केला, दवाखान्यात माणसं नेली. सगळं खरं आहे. पण ते कसं केलं, हे कोणी सांगितलं नाही. दारात उभं राहिलं की आत दिसतं, एवढंच त्यांचं तंत्र होतं. कडवं म्हणायला किती वेळ लागतो? तेवढ्यात त्यांना दिसायचं की कोणाच्या घरी पोर तापानं पडलंय, कोणाची चूल पेटलेली नाही, कोण नवऱ्याचा मार खाऊन तोंड लपवतंय. शनिवारी गाणं, आणि सोमवारी त्या घरी चक्कर. कॉर्पोरेशनच्या ऑफिसात तर ते इतक्या वेळा गेले की नळ आला तो पाण्यासाठी की अण्णांपासून सुटका व्हावी म्हणून, देव जाणे.

एक गोष्ट मात्र ते कधी करू देत नसत. एकदा एका सद्‌गृहस्थांनी वस्तीत वाटायला घोंगड्या आणल्या, बरोबर फोटो काढायला माणूसही आणला. अण्णांनी त्यांना हात जोडून सांगितलं, आधी एका शनिवारी आमच्याबरोबर या, यांच्या दारी उभे राहा, यांच्याकडून मूठभर तांदूळ घ्या, मग घोंगड्या द्या. ते गृहस्थ आले नाहीत. घोंगड्याही आल्या नाहीत. मी अण्णांवर चिडले होते. थंडीच्या दिवसांत घोंगड्या सोडायच्या? ते म्हणाले, सुंदरा, मीही रात्रभर हाच विचार करत होतो. माझं चुकलंही असेल. अण्णांना सगळं कळायचं असं नाही, मंडळी. कळत नाही तेव्हा ते तसं सांगायचे.

आता ती आग. ती तुम्हाला सगळ्यांना आठवते. चित्रा पौर्णिमेच्या सुमाराला, ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी वस्ती पेटली. झावळ्या सुकलेल्या, वारा समुद्रावरचा. माणसं वाचली, ही देवाची कृपा. बाकी काही राहिलं नाही. आपल्या गल्लीतून लुगडी गेली, भांडी गेली, शिजलेलं अन्न गेलं. आणि मग शनिवार आला.

मंडळ पुलावर येऊन थांबलं. टाळ आपोआप बंद पडले. या खेपेला नियमातून सुटायचं म्हणून नाही. काय करावं, तेच कोणाला कळेना. मामा म्हणाले, आज गाऊ नये, मुकाट्यानं जाऊ, जे लागेल ते देऊन येऊ. ज्यांचं घर जळलं त्यांच्याकडे तांदूळ कसे मागायचे? बरोबरच होतं ते. अण्णा म्हणाले, आज गाळलं तर त्यांना काय वाटेल? मामा म्हणाले, मागितलं तर काय वाटेल?  अण्णा पुलाचा कठडा धरून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मी त्यांना इतकं हतबल कधी पाहिलं नाही.

तेवढ्यात पलीकडून अंजलै आली. लुगड्यावर काजळी, एक हात भाजलेला, फडक्यानं बांधलेला. तिनं तमिळमध्ये विचारलं, ते मी मराठीत सांगते. 'अय्या' तेवढं तिचंच ठेवते, म्हणजे 'महाराज'.

"अय्या, इथेच का थांबलात? आमच्याकडची बायामाणसं कधीची उभी आहेत."

आम्ही गेलो. टाळ वाजवत गेलो. तिथे झोपडी एकही नव्हती. पण ज्याचं दार जिथे होतं तिथे, त्या राखेत, तो तो माणूस उभा होता. अण्णा एकेकापुढे थांबले. प्रत्येकापुढे कडवं म्हटलं. कोणी जळक्या मडक्याच्या तळाशी उरलेले तांदूळ दिले. कोणाकडे काहीच नव्हतं, त्यानं नुसते हात जोडले. अण्णांनी त्यालाही तितकंच वाकून हात जोडले. नंतर जागा मोजायला कॉर्पोरेशनची माणसं आली, तेव्हा कोणाचं घर कुठे होतं यावरून एकही भांडण झालं नाही. त्या सकाळी सगळ्यांनी सगळ्यांना आपापल्या जागी उभं पाहिलं होतं.

त्या भाताला धुराचा वास येत होता. मी तो खाल्ला आहे. आणि त्या दिवशी रंगनाथमामा घरी गेले नाहीत. ते आमच्या पंक्तीला केळीच्या पानावर बसले, खाली बघत जेवले, आणि पुन्हा भात मागून घेतला. वाढायला अंजलैच होती.

मंडळी, इथपर्यंत सगळं गोड आहे. पुढचं बोलायला मला जड जातंय.

अण्णा अंथरुणाला खिळले. छाती भरली, आवाज गेला. फेरी चालू राहिली. पण पुढे होऊन गायला कोणी नव्हतं. मामांचे गुडघे धरलेले. एका शनिवारी पूल आला आणि टाळ थांबले. कोणी ठरवलं नव्हतं. नुसते थांबले. पुढच्या शनिवारीही थांबले. आपण खाली मान घालून भराभर चालत गेलो, आणि दोन्ही बाजूंना बायका ओंजळीत तांदूळ घेऊन उभ्या होत्या.  मी त्यांच्या मुलांना शिकवते. सोमवारी त्या मुलांनी मला काहीही विचारलं नाही.

अण्णा मात्र रोज विचारायचे. मी भेटायला गेले की पहिला प्रश्न हाच. दारं सगळी झाली ना? मी वहिनींकडे बघायची. वहिनी म्हणायच्या, झाली, सगळी झाली. भात खा. आणि अण्णा समाधानानं दोन घास खायचे. मला वाटायचं, मरणाऱ्या माणसाची समजूत काढतायत. काढू देत. 

अण्णांना नेलं त्या दिवशी वस्तीतली सगळी माणसं आपल्या गल्लीत आली होती. अंजलै माझ्याजवळ येऊन रडत होती. तिनं मला जे सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. तुमच्यापैकीही कोणाला माहीत नसेल.

मंडळ पुढे निघून गेलं की, शनिवारी दुपारी, तुळजावहिनी एकट्या पूल ओलांडून जायच्या. हातात घरातला पाण्याचा लहान तांब्या. प्रत्येक दारापुढे उभ्या राहायच्या. गायच्या नाहीत. वहिनींना गळा नाही, हे त्या स्वतःच सांगतात. नुसत्या उभ्या राहायच्या, तांदूळ घ्यायच्या, पुढच्या दारी जायच्या. एकही दार गाळायच्या नाहीत. घरी येऊन त्याचा भात करायच्या आणि अण्णांना भरवायच्या. म्हणजे मंडळी, त्या खोटं बोलत नव्हत्या. दारं सगळी झालेली असायची.

वहिनी, तुम्ही खांबाआड बसलात तरी मला दिसताय. हे सांगू नको असं तुम्ही म्हणाला होतात. मी ऐकलं नाही. मास्तरीण आहे, ऐकायची सवय नाही.

तेरावा झाला त्या दिवशी मी वहिनींना विचारलं, आता काय करायचं? बैठकीचं त्यांच्या कानावर आलं होतं. त्या भांडी आवरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या,

"तुमची बैठक काय ठरवायचं ते ठरवू दे. मी शनिवारी जाणार आहे."

मी म्हटलं, लोक बोलतील. नुकतंच हे असं झालेलं, आणि तुम्ही तांब्या बांधून फेरीच्या पुढे? त्या म्हणाल्या, वस्तीतल्या कितीतरी दारांत माझ्यासारख्या नवरा गेलेल्या बायका उभ्या राहतात. त्यांच्या हातचं ह्यांनी आयुष्यभर घेतलं. मग माझ्याच हाताला काय झालंय?

 याचं उत्तर तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर बैठकीत जरूर सांगा. पण वहिनींच्या तोंडावर सांगा. त्या इथेच असणार आहेत.

तेव्हा येत्या शनिवारी अण्णांचा तांब्या तुळजावहिनी खांद्याला बांधणार. मी त्यांच्या मागे असणार. मला बरं गाता येत नाही, पण गाईन. टाळ मात्र हवेत. मी कोणाचं नाव घेत नाही. ज्याला यायचं असेल त्यानं आत्ता हात वर करावा.

मामा, पाहिला तुमचा हात. गुडघ्यांचं काय करायचं ते आपण बघू, हातगाडी आहे वस्तीत. मागे अजून हात दिसतायत. तिकडे खिडकीजवळही. पुरे, खाली घ्या. मला पुढचं दिसेनासं झालंय.

अण्णा, तुम्हाला आम्हा दोन्ही काठांच्या माणसांचा नमस्कार.

आता आपण सगळे उभे राहू. अंजलै, तूही ऊठ बाई, इकडे पुढे ये, वहिनींजवळ उभी राहा. अण्णांसाठी आपण थोडा वेळ स्तब्ध राहणार आहोत. मनात जेवढं मौन साठलंय तेवढं सगळं इथे पाळून घ्या. शनिवारी पुलावर ते नको.